जाळीचीं दारें आणि दाबाच्या पाण्याची धार

भाताची झोडणी आटोपली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या, म्हणजे शेतकऱ्यास घराकडे पाहण्यास थोडी सवड मिळते. भिवंडी तालुक्यांत त्या सुमारास घरांच्या जाळीच्या दारांचा मूळ रंग ओळखूं येत नाहीं. पावसाळ्यांत धरलेली बुरशी, झोडणीचा भुसा, महामार्गावरून उडणारी धूळ, आणि ज्यांचीं घरें यंत्रमागांच्या शेजारीं आहेत त्यांच्या येथें कापसाची पिंज, या साऱ्यांचा थर बसून जाळीचीं छिद्रें बुजतात. वारा येईनासा होतो व घरांतील मंडळी दार सताड उघडें टाकूं लागतात. मग जाळी असून नसल्यासारखीच.

अशा वेळीं ट्रॅक्टर व गोठा धुण्यासाठीं घेतलेलें दाबाचें यंत्र, ज्यास बाजारांत प्रेशर वॉशर म्हणतात, तें हाताशीं असतें, आणि दारहि त्यानेंच धुवावें असा मोह होतो. प्रस्तुत लेखकासहि तो झाला होता. चिखलानें माखलेल्या टायरसाठीं लावलेली बारीक धार तशीच दारावर धरली. दार क्षणांत स्वच्छ झालें. परंतु खालच्या अंगास रबरी पट्टी खोबणींतून सुटून जाळी वीतभर मोकळी झाली होती, तें मात्र आठ दिवस कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. रात्रीं डांस येतात कोठून, याचा शोध करितां करितां ती फट सांपडली. स्वच्छ दिसणारें फाटकें दार हें मळक्या दारापेक्षां वाईट. कारण त्याच्या भरंवशावर आपण निर्धास्त झोपतों.

या जाळीचें मोल केवढें आहे तें लक्षांत घेण्यासारखें आहे. १८९७ सालीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनीं डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु पाहिले. पुढें १९०० सालीं पॅट्रिक मॅन्सन यांच्या योजनेनें इटलींत, रोमजवळील ओस्तियाच्या दलदलीच्या मुलुखांत, जाळी लावलेली एक झोपडी उभारण्यांत आली. डॉक्टर साम्बोन, डॉक्टर लो व त्यांचे सोबती तापाच्या ऐन हंगामांत दिवस मावळण्यापूर्वीं तींत शिरत व उजाडल्यावर बाहेर पडत. भोंवतालचे लोक हिंवतापानें आजारी पडत असतां, क्विनीन न घेतांहि हे निरोगी राहिले. आपलीं भातखाचरें हीं हिंवतापाच्या डांसांस सोयीचींच आहेत. आणि डेंग्यूचा डांस तर दिवसांहि चावतो. जाळीस एका इंचांत १६ छिद्रें असावीं व कोणतेंहि छिद्र १.२ मिलिमीटरहून मोठें नसावें, असें आरोग्यशास्त्र सांगतें. ही मर्यादा एके ठिकाणीं मोडली कीं सारा खर्च व्यर्थ.

आतां यंत्राचें बळ पाहूं. मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब सुमारें २ बार असतो. घरगुती धुण्याच्या यंत्राचा १०० ते १५० बारपर्यंत जातो. एवढ्या दाबापुढें प्लास्टिकचा लेप दिलेली कांचतंतूंची जाळी ताणली किंवा फाटली जाते, ॲल्युमिनियमच्या जाळीस खळगे पडतात, जस्ताचा मुलामा दिलेल्या जुन्या लोखंडी जाळीचें गंजलेलें अंग तुटतें. पोलादी न गंजणारी जाळी टिकली, तरी तिच्या कडेच्या पट्ट्या टिकतीलच असें नाहीं.

म्हणून पहिला नियम असा कीं, साध्या रबरी नळीनें, मऊ ब्रशानें व साबणाच्या किंवा रिठ्याच्या कोमट पाण्यानें काम होत असेल तर यंत्र काढूंच नये. स्वयंपाकघराच्या दारावरील तेलकट थरासहि हेंच पाणी दोनदां लावावें. धुण्याचा सोडा मात्र ॲल्युमिनियमला खातो, तो वापरूं नये.

यंत्र वापरावयाचेंच, तर प्रथम दार बिजागऱ्यांतून काढून अंगणांत आणावें. दार जागेवरच धुतल्यास पाणी आंतील भिंतीवर व विजेच्या बटणांवर जातें. दार भिंतीस तिरपें टेकवून कोरड्या ब्रशानें धूळ व पिंज झाडावी; पिंज भिजली कीं छिद्रांत घट्ट बसते. कडेच्या पट्ट्या व लाकडी दाराच्या चुका तपासाव्या. नंतर ४० अंशांचें पांढरें नोझल लावावें. सारख्याच अंतरावर १५ अंशांच्या पिंवळ्या नोझलपेक्षां त्याची धार सुमारें पावणेतीन पट रुंद पसरते व तिचा मारा तितका सौम्य होतो. एकाच टोकाची धार सोडणारें तांबडें नोझल जाळीजवळ आणूंच नये. दाब सर्वांत कमी ठेवावा, सहा फुटांवर उभें राहावें, आणि प्रथम एका कोपऱ्यावर प्रयोग करून पाहावा. जाळी पोटासारखी फुगूं लागली तर मागें सरावें. धार वरून खालीं सारखी फिरती ठेवावी. कडेच्या पट्ट्यांवर व लाकडाच्या सांध्यांवर ती रोखूं नये. दार सांवलींत उभें वाळवावें.

फवारणीचा पंप या कामास कोणीं वापरूं नये. त्याच्या टाकींत व नळींत राहिलेलें कीटकनाशक किंवा तणनाशक ज्या दारास मुलें हात लावतात त्यावर जाईल.

माणसाच्या अंगाची काळजी तर अधिक. चष्मा व बूट घालावे; मुलें व गुरें दूर ठेवावीं; नोझल बदलण्यापूर्वीं यंत्र बंद करून खटका दाबावा व अडकलेला दाब सोडून द्यावा. विजेची जोडणी अर्थिंगची व गळती होतांच प्रवाह तोडणाऱ्या स्विचाची असावी. धार बोटास लागून टांचणीएवढें छिद्र पडलें, तरी पाणी व घाण कातडीखालीं खोल शिरलेली असते. दुखत नाहीं म्हणून घरीं बसूं नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत तत्काळ जावें.

शेवटीं, दार परत बसविण्यापूर्वीं तें सूर्याकडे धरून पाहावें. जेथें उजेडाचा मोठा ठिपका दिसेल तेथें त्याच दिवशीं ठिगळ लावावें. आणि धुण्याचें पाणी बादलींत, ताडपत्रीच्या घडींत सांचूं देऊं नये. सुमारें आठ-दहा दिवसांत त्यांतूनच डांस उठतात. ज्या शत्रूसाठीं दार धुतलें, त्यालाच अंगणांत पाणी ठेवणें हें शहाणपणाचें नव्हे.