आठवड्याचे छत्तीस तास

डायलिसिसवर असलेल्या बाईची पाळी चुकली तर कुणी फारसं मनावर घेत नाही. किडन्या निकामी झाल्या की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, बीज वेळेवर सुटत नाही, पाळी मागेपुढे होते किंवा थांबूनच जाते. मळमळ, थकवा, उलट्या आधीपासून सोबतीला असतातच. त्यामुळे खरोखरच दिवस गेले तरी सगळं खापर वाढलेल्या युरियावर फुटतं. लघवी होतच नसेल तर घरी पट्टीवर तपासणं शक्य नाही. रक्त तपासावं, तर तेही फसवू शकतं. एचसीजी हे गर्भारपणाचं संप्रेरक शरीराबाहेर टाकण्यात किडनीचा वाटा असतो. किडनी बंद पडली की गर्भ नसतानाही ते थोडं वाढलेलं दिसू शकतं. शेवटी खात्री होते सोनोग्राफीत, आणि तोवर बरेचदा पहिले तीन महिने हातचे गेलेले असतात.

‘पाळीच नाही, तर दिवस कसे राहतील?’ हा समज त्यामुळेच धोक्याचा. याविषयी बोलायचं कुणी, हेही ठरलेलं नसतं. किडनीच्या डॉक्टरांना वाटतं स्त्रीरोगतज्ज्ञ बोलतील, स्त्रीरोगतज्ज्ञांना वाटतं किडनीवाल्यांनी सांगितलं असेल. मूल हवं असो की नको, डायलिसिसला बसणाऱ्या प्रत्येक तरुण बाईला याविषयी विचारलं गेलं पाहिजे.

नियमित डायलिसिसवरच्या स्त्रीला मूल झाल्याची पहिली नोंद १९७१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी केली. १९८० च्या सुमारास युरोपातल्या केंद्रांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा पुढे चालू ठेवलेल्या गर्भारपणांपैकी जेमतेम चारांतल्या एकात मूल हाती लागलं होतं. डॉक्टर सरळ गर्भपात सुचवत, आणि त्या काळात त्यांना दोष देता येत नाही.

चित्र पालटलं ते कॅनडातल्या टोरंटोत. तिथे काही रुग्ण घरीच, रात्री झोपेत, सहा-सात तास डायलिसिस घेत होते. त्यातल्या काही बायकांना दिवस गेले आणि त्यांची बाळंतपणंही सुखरूप पार पडली. पुढे २०१४ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी आपल्याकडची २२ गर्भारपणं अमेरिकेतल्या नोंदींशी ताडून पाहिली. टोरंटोत सुमारे ८६ टक्के मुलं जिवंत जन्मली, अमेरिकेत ६१ टक्के. टोरंटोतली बाळंतपणं साधारण ३६व्या आठवड्यात झाली, अमेरिकेतली २७व्या. तासांचा हिशेब तर आणखी बोलका होता. आठवड्याला २० तास किंवा त्याहून कमी डायलिसिस मिळालेल्यांत जिवंत जन्माचं प्रमाण ४८ टक्के होतं, २१ ते ३६ तासांत ७५, आणि ३६ तासांच्या वर ८५. बावीस हा आकडा मूठभरच, आणि दोन देशांच्या नोंदींची अशी तुलना काटेकोर प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही. तरीही तास वाढले तसं यश वाढत गेलं, हे नजरेआड करता येत नाही.

तासांना एवढं महत्त्व का? आईच्या रक्तातला युरिया वारेतून बाळापर्यंत पोचतो. बाळाच्या किडन्या धडधाकट असतात. त्या हा युरिया बाहेर टाकतात, आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. बाळाची लघवी म्हणजेच बहुतांशी गर्भजल. ते वाढत गेलं की गर्भाशय ताणलं जातं आणि वेळेआधी कळा सुरू होतात. म्हणून युरिया उतरवून ठेवायचा असतो. डायलिसिसच्या आधीचं ब्लड युरिया नायट्रोजन ५० च्या खाली, जमलं तर आणखी कमी. (आपल्याकडच्या बऱ्याच रिपोर्टांत नुसता ‘युरिया’ लिहितात; तो आकडा याच्या साधारण दुप्पट असतो. घाबरण्याआधी रिपोर्टावर नाव कोणतं आहे ते वाचावं.) दुसरं कारण पाण्याचं. चार तासांत तीन-चार लिटर पाणी खेचलं की रक्तदाब कोसळतो आणि वारेचा रक्तपुरवठा घटतो. तेच पाणी रोज थोडं थोडं काढलं तर हा झटका बसत नाही.

सगळ्यात नाजूक काम ड्राय वेटचं. पाणी काढून झाल्यावर रुग्णाचं वजन किती उरावं, याचा एक आकडा फाइलवर लिहिलेला असतो. गरोदर बाईच्या बाबतीत तो आकडा जागेवर राहत नाही. पहिल्या तिमाहीनंतर दर आठवड्याला साधारण ३०० ते ५०० ग्रॅम वजन वाढणं अपेक्षित असतं. वाढलेलं वजन बाळाचं की साठलेल्या पाण्याचं? चुकून बाळाच्या वाट्याचं पाणी काढलं तर रक्तदाब पडतो. साठलेलं पाणी राहू दिलं तर आईच्या फुफ्फुसात साचतं. म्हणून दर आठवड्याला सूज, रक्तदाब आणि सोनोग्राफीत दिसणारी बाळाची वाढ यांचा मेळ घालून आकडा नव्याने ठरवावा लागतो.

ताटातही उलथापालथ होते. एरवी या रुग्णाला शहाळं बंद, केळं बंद, भाज्या उकडून पाणी फेकायचं, दिवसाचं पाणी मोजून. आता रोजच्या लांब डायलिसिसमध्ये पोटॅशियम, फॉस्फरस, फॉलिक ॲसिड वाहून जातं. बंधनं सैल होतात, प्रथिनं वाढवावी लागतात, कधी तर डायलिसिसच्या द्रावणातच पोटॅशियम आणि फॉस्फेट वाढवतात. पथ्य पाठ झालेल्या सासूला हे पटवणं आहारतज्ज्ञाला जड जात असणार. रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांचा डोसही बराच वाढतो. ते आणि डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं हेपारिन दोन्ही वार ओलांडत नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या बाळाला घातक असतात, त्या बदलायच्या. रक्तदाब अचानक चढला तर मात्र पेच असतो. लघवीच नाही, तर तिच्यातली प्रथिनं कशी मोजणार? गरोदरपणातला तो धोकादायक विकार, प्रीएक्लॅम्पसिया, अशा वेळी ओळखणं अवघड. त्यात दिलं जाणारं मॅग्नेशियमही जपून, कारण ते बाहेर टाकायला किडनी नाही.

जन्मलेलं बाळ आईइतकंच क्रिएटिनिन घेऊन येतं. आईकडून आलेल्या युरियामुळे सुरुवातीला ते भरपूर लघवी करतं. लघवी झाली म्हणून नर्स खूश होते, पण याच बाळाचं पाणी कमी पडू शकतं. म्हणून त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं.

किडनी प्रत्यारोपण शक्य असेल तर आधी ते करावं, निदान वर्षभर थांबावं आणि मग मूल, हा सल्ला आजही योग्यच आहे. त्यातली एक बाजू घरात क्वचितच सांगितली जाते. गर्भारपणात आईच्या शरीरात बाळातल्या नवऱ्याकडच्या अंशांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. पुढे नवरा किडनी द्यायला तयार झाला, तर तीच आडवी येऊ शकतात.

आता आपल्याकडचं गणित. अनेक रुग्ण आठवड्यातून दोनदा, चार-चार तास डायलिसिसला बसतात, म्हणजे आठ तास. एका बाईला ३६ तास द्यायचे तर अशा साडेचार रुग्णांची जागा लागते. रात्रीची पाळी नसलेल्या युनिटला हे झेपणार नाही. पण मधला टप्पा आवाक्यात आहे. आठवड्यातले सहा दिवस चार-चार तास म्हणजे २४, आणि टोरंटोच्या हिशेबात ते ७५ टक्क्यांच्या गटात बसतात. स्वतःची थोडी लघवी टिकून असेल तर त्याहून कमीतही भागू शकतं. सरकारी योजनेतून आठवड्याला किती डायलिसिस मंजूर होतात, वरच्यांचा खर्च कोण करणार आणि जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात किडनीविभाग व नवजात अतिदक्षता विभाग एकाच आवारात आहेत, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून घ्यावेत.