क्रीडोपचार

क्रीडोपचार ही मुलांसाठी वापरली जाणारी एक मानसोपचार पद्धती आहे. प्रौढ व्यक्ती आपले दुःख, भय किंवा संताप समुपदेशकापुढे शब्दांत मांडू शकते. लहान मुलाला ते साधत नाही. त्याची शब्दसंपत्ती अपुरी असते आणि आपल्या मनात काय चालले आहे याकडे जरा दूर राहून पाहण्याची शक्तीही त्याला अजून आलेली नसते. म्हणून या पद्धतीत प्रशिक्षित उपचारक खेळालाच संवादाचे माध्यम करतो. मराठी बोलण्यात ‘प्ले थेरपी’ हा शब्द अधिक रूढ आहे. साधारणतः तीन ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी ही पद्धती उपयोगात आणतात. घरातील मृत्यू, आईवडिलांचा विभक्तपणा, दीर्घ आजार, अपघात, हिंसा किंवा अत्याचाराचा अनुभव, शाळेची तीव्र भीती, अबोलपणा, सततची मारामारी अशी कारणे तिच्यामागे असतात.

मुलाला खेळात रमवणे आणि क्रीडोपचार यांत भेद आहे. बालवाडीत खेळातून शिक्षण दिले जाते, क्रीडांगणावर खेळातून व्यायाम घडतो. तेथे काय साध्य करायचे हे मोठ्यांनी आधी ठरवलेले असते. क्रीडोपचारात, निदान त्याच्या सर्वाधिक प्रचलित प्रकारात, काय खेळायचे आणि कसे खेळायचे हे मूल ठरवते. पालकांचा पहिला गोंधळ येथेच होतो. तासभर मूल नुसते वाळूत खेळले आणि त्याचे शुल्क द्यायचे, हे अनेकांना पटत नाही.

इतिहास

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलाला वाटणाऱ्या घोड्यांच्या भीतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तथापि तो उपचार मुख्यत्वे मुलाच्या वडिलांमार्फत झाला होता. खेळाचा उपचारात प्रत्यक्ष उपयोग करू पाहणाऱ्यांमध्ये व्हिएन्नाच्या हर्मिन हुग-हेल्मुथ या अग्रणी होत. पुढे मेलनी क्लाइन आणि ॲना फ्रॉइड यांच्यात या विषयावर मोठा वाद झाला. प्रौढ रुग्ण मनात येईल ते बोलत जातो, त्याच मोलाचे मुलाचे खेळणे असते आणि त्याचा अर्थ मुलाला उलगडून सांगावा, अशी क्लाइन यांची भूमिका होती. मुलाची प्रत्येक कृती प्रतीकात्मक मानण्यास ॲना फ्रॉइड यांचा विरोध होता. मुलाने दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, तर त्याने तसा अपघात रस्त्यावर पाहिला असेल, एवढेच कारण त्यामागे असू शकते. हा वाद आजच्या पालकांनाही लागू पडतो. मुलाने बाहुली फेकली की तिचा अर्थ लावत बसण्याचा मोह घरोघरी होतो.

मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ मध्ये लंडन येथे मुलांसाठी चिकित्सालय सुरू केले. वाळूची पेटी आणि माणसे, प्राणी, घरे यांच्या छोट्या प्रतिकृती वापरून मुलाने आपले ‘जग’ मांडावे, ही त्यांची पद्धत. एच. जी. वेल्स यांनी जमिनीवरील खेळांविषयी १९११ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातून त्यांना ही कल्पना सुचली होती. स्वित्झर्लंडमधील डोरा काल्फ यांनी तिला युंग यांच्या विचारांची जोड दिली.

आजच्या क्रीडोपचाराचा मुख्य प्रवाह मात्र अमेरिकेतील कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री समुपदेशनातून आला. त्यांच्या सहकारी व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये ‘प्ले थेरपी’ हा ग्रंथ लिहून आठ तत्त्वे मांडली. मुलाशी स्नेहाचे नाते जोडावे, ते जसे आहे तसे त्यास स्वीकारावे, त्याच्या भावना ओळखून त्यास परत दाखवाव्यात, मार्ग त्याने दाखवावा व उपचारकाने मागून जावे, घाई करू नये आणि आवश्यक तेवढ्याच मर्यादा घालाव्यात, हा त्यांचा गाभा होय. न बोलणाऱ्या, मंदबुद्धी समजल्या गेलेल्या एका मुलाची हकिकत सांगणारे त्यांचे ‘डिब्ज’ हे पुस्तक १९६४ मध्ये आले व सामान्य वाचकांतही गाजले. टेक्सासमधील गॅरी लॅन्ड्रेथ यांनी ही परंपरा पुढे नेली. याखेरीज उपचारक खेळ आखून देतो असे प्रकारही आहेत. सुसान नेल यांनी विकसित केलेला बोधात्मक-वर्तनीय क्रीडोपचार हा त्यांपैकी एक.

उपचारकाची निवड

भारतात ‘क्रीडोपचारक’ ही कायद्याने संरक्षित उपाधी नाही. अल्प मुदतीचे प्रमाणपत्र मिळवूनही कोणी तसा फलक लावू शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या अधिनियमान्वये भारतीय पुनर्वास परिषद करते आणि नोंदणी क्रमांक विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. मूळ शिक्षण कोणते, क्रीडोपचाराचे वेगळे प्रशिक्षण कोठे व किती काळ घेतले, वरिष्ठांचे मार्गदर्शन चालू आहे का, हे प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. चांगला उपचारक त्यांनी दुखावत नाही.

क्रीडोपचारापूर्वी शारीरिक तपासणी होणे अगत्याचे असते. वर्गात लक्ष न देणाऱ्या मुलाला ऐकूच कमी येत असेल, तर वाळूची पेटी त्यावर उपाय नव्हे. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता किंवा अतिचंचलता यांचे निदान वेगळ्या चाचण्यांनी होते. क्रीडोपचार त्यांवर औषध नाही, मात्र त्यांच्यासोबत येणारी भीती व खचलेला आत्मविश्वास यांवर त्याचा उपयोग होऊ शकतो. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाअंतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत व अशा तपासण्या तेथे विनामूल्य होतात. खासगी शुल्क न परवडणाऱ्या कुटुंबांनी प्रथम तेथे जावे.

पहिल्या भेटी

पहिली भेट बहुधा मुलावाचून, केवळ पालकांशी होते. जन्म, वाढीचे टप्पे, झोप, आहार, शाळाबदल, घरबदल, घरातील आजारपणे, आर्थिक ओढाताण, मूल कोणाजवळ झोपते, रागावते कोण आणि समजूत कोण घालते, असे प्रश्न त्या वेळी विचारले जातात. एकत्र कुटुंबात आजी-आजोबांचे म्हणणे वेगळे असल्यास तेही सांगावे. काही गोष्टी लपवण्याकडे पालकांचा कल असतो. वडिलांचे मद्यपान, कुटुंबातील आत्महत्या, मूल दत्तक असणे हे विषय उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत अशी आपल्याकडील रीत आहे. पण मुलाला त्यांतले बरेच ठाऊक असते, निदान जाणवत असते.

विभक्त पालकांच्या बाबतीत संमती कोणाची, शुल्क कोण देणार, माहिती कोणास मिळणार हे आरंभीच लिहून घेतात. मुलाचा ताबा कोणाकडे असावा यावर मत देणे हे उपचारकाचे काम नव्हे. एकच व्यक्ती दोन्ही भूमिका बजावू लागली तर मुलाचा विश्वास तुटतो.

मुलाला खरे आणि थोडक्यात सांगावे. ‘तुला हल्ली रात्री फार भीती वाटते ना? मुलांना मदत करणाऱ्या एक ताई आहेत. त्यांच्याकडे खेळण्यांची खोली आहे. दर बुधवारी आपण तिकडे जाऊ,’ एवढे पुरते. ‘फिरायला जाऊ’ असे खोटे सांगून नेऊ नये, तसेच ‘नीट वागला नाहीस तर तिकडे नेईन’ असा धाकही घालू नये. कपडे जुने घालावेत. रंग आणि चिखल यांची चिंता मुलाच्या मनात राहिली की खेळ आखडतो.

खेळखोली आणि सत्र

सत्र साधारणतः आठवड्यातून एकदा, तीस ते पन्नास मिनिटांचे असते. वार, वेळ आणि खोली शक्यतो बदलत नाहीत. खेळणीही प्रत्येक वेळी त्याच जागी ठेवलेली असतात. ज्या मुलाचे घरचे जग विस्कटले आहे, त्याला कालची बाहुली आजही त्याच फळीवर सापडणे ही लहान गोष्ट नाही.

खेळण्यांचे ढोबळ तीन वर्ग पडतात. पहिल्यात रोजच्या जीवनातली: बाहुल्यांचे कुटुंब व घर, भातुकली, डॉक्टरची पेटी, दूरध्वनी, गाड्या. दुसऱ्यात राग व भय वाट काढतील अशी: सैनिक, रानटी प्राणी, रबरी साप, खोटी तलवार. तिसऱ्यात घडवण्याची साधने: माती, वाळू, पाणी, रंग, कागद. विजेरीवर चालणारी, आपोआप बोलणारी खेळणी सहसा ठेवत नाहीत. ती स्वतःच सारे करतात आणि मुलाला काही उरत नाही. भातुकली आपल्याकडे शतकानुशतकांची आहे. चूल मांडून बसलेली मुले घरातल्या माणसांचे आवाज किती हुबेहूब काढतात, हे ज्याने ऐकले आहे त्याला या उपचाराचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही.

उपचारकाचे वागणे पालकांना प्रथम विचित्र वाटते. तो मुलाला शिकवत नाही, चूक सुधारत नाही, ‘किती छान चित्र!’ अशी शाबासकीही देत नाही. शाबासकी मिळू लागली की मूल शाबासकीसाठी काढू लागते. त्याऐवजी तो पाहिलेले बोलून दाखवतो: ‘तू सगळा कागद काळा केलास आणि अजून जोर लावतो आहेस.’ खेळण्याचे नावही तो आधी उच्चारत नाही. लाकडाचा ठोकळा हा ट्रक आहे की शवपेटी, हे मुलाने ठरवायचे असते.

मात्र ही मोकळीक अमर्याद नसते. स्वतःला वा उपचारकाला इजा करणे, खोलीची नासधूस करणे यांस मनाई असते. मर्यादा घालण्याची रीत तीन पायऱ्यांची आहे. प्रथम भावना मान्य करायची, मग मर्यादा सांगायची, मग दुसरी वाट दाखवायची: ‘तुला माझा खूप राग आला आहे. मी मारण्यासाठी नाही. त्या उशीला मारता येईल.’ घरी ही रीत वापरून पाहणाऱ्या पालकांना ती अवघड जाते, कारण पहिली पायरी आपण बहुधा गाळतो.

घरी काय दिसते

सत्रानंतर ‘काय खेळलास? बाई काय म्हणाल्या?’ ही चौकशी टाळावी. मूल आपण होऊन बोलले तर ऐकावे, न बोलल्यास घरी जाऊन जेवू घालावे. खेळखोलीतील चित्र घरी आले, तर त्याचे विश्लेषण करू नये.

आरंभीच्या काही आठवड्यांत वर्तन बिघडल्यासारखे दिसू शकते. शांत मूल उलटून बोलू लागते, मोठे मूल पुन्हा आईला बिलगते, क्वचित अंथरूण ओले होते. दडपलेल्या भावना वर येत असल्या की असे घडते. पण ‘असे होतेच’ म्हणून गप्प न राहता ते उपचारकाला कळवावे. स्वतःला इजा करणे किंवा मरणाविषयी बोलणे हे मात्र थांबून पाहण्यासारखे लक्षण नव्हे. त्या वेळी बालमानसोपचारतज्ज्ञांकडे तत्काळ जावे. १४४१६ या शासकीय टेलि-मानस क्रमांकावरही मदत मिळते.

गोपनीयता आणि पालकांचा सहभाग

खोलीत घडलेले सर्व काही पालकांना सांगितले जात नाही. उपचारक दर तीन-चार आठवड्यांनी पालकांना भेटून कल काय दिसतो व घरी काय बदलावे एवढे सांगतो. शुल्क देणाऱ्या पालकास हे अन्यायाचे वाटणे स्वाभाविक आहे. पण खेळखोलीतील राग संध्याकाळी घरी पोहोचतो असे एकदा कळले, की मूल तेथेही शहाण्यासारखे वागू लागते. या गोपनीयतेला अपवाद आहेत. मुलाच्या जिवाला धोका असल्यास पालकांना सांगावेच लागते. लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. आरोपी घरातील असला तरीही त्यातून सुटका नाही. पहिल्याच भेटीत हे पालकांना स्पष्ट सांगितलेले असावे.

काही वेळा बदल पालकांकडून अपेक्षित असतो, मुलाकडून नव्हे. बर्नार्ड व लुईस गर्नी या दांपत्याने १९६० च्या दशकात पालकांनाच प्रशिक्षण देण्याची पद्धत मांडली. लॅन्ड्रेथ आणि स्यू ब्रॅटन यांनी तिचा दहा सत्रांचा अभ्यासक्रम केला. त्यात पालक आठवड्यातून एकदा तीस मिनिटे, ठरावीक खेळणी घेऊन, मुलाच्या कलाने खेळतात. भ्रमणध्वनी त्या अर्ध्या तासात बंद ठेवायचा असतो. अनेक पालकांना हीच अट सर्वांत जड जाते.

परिणामकारकता

ब्रॅटन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ९३ नियंत्रित अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात उपचाराचा परिणाम लक्षणीय आढळला. प्रशिक्षित पालकांनी केलेल्या उपचाराचा परिणाम तर व्यावसायिकांपेक्षाही अधिक होता. सुमारे ३५ ते ४० सत्रांपर्यंत लाभ वाढत जातो असेही दिसले, तरी त्याहून बऱ्याच कमी सत्रांतही फरक पडल्याची उदाहरणे त्यात आहेत. २०१५ मध्ये लिन व ब्रॅटन यांनी बालकेंद्री क्रीडोपचारावरील ५२ अभ्यास तपासले, तेव्हा परिणाम मध्यम प्रमाणात आढळला. यांतील बऱ्याच अभ्यासांतील गट लहान होते, असा आक्षेप घेतला जातो. तेव्हा अमुक सत्रांत मूल ‘बरे’ होईल अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहणेच इष्ट.

समाप्ती

उपचार कधी थांबवायचा हे उपचारक व पालक मिळून ठरवतात. झोप, शाळा आणि मैत्री पूर्वपदावर येणे, खेळात तोच तो प्रसंग पुनःपुन्हा येण्याचे थांबणे, खेळखोलीपेक्षा मित्रांकडे जाण्याची ओढ वाटणे या त्याच्या खुणा होत. शेवटच्या सत्राची कल्पना मुलाला तीन-चार आठवडे आधी देतात आणि उरलेले आठवडे दिनदर्शिकेवर मोजू देतात. परीक्षा आली, शुल्क जड झाले किंवा मूल सुधारले म्हणून निरोपावाचून जाणे बंद करू नये. ज्या मुलाचे जवळचे माणूस असेच एके दिवशी न सांगता गेलेले असते, त्याच्या बाबतीत तर एक निरोपाचे सत्र मागून घेणे पालकांचे कर्तव्य ठरते.