उणे १९६ अंशांतलं स्त्रीबीज

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, वर्धेच्या काठचं. नदीपलीकडे आर्वीचा मुलूख, गवळाऊ गाईंचा. उणे १९६ अंशांची थंडी इथल्या गोठ्यांना नवी नाही. गाय माजावर आली की कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनचा कॅन येतो. झाकण उघडताच पांढरी वाफ उसळते, चिमट्याने बारीक कांडी निघते आणि कोमट पाण्यात धरली की वर्षानुवर्षं गोठलेले शुक्राणू पुन्हा वळवळू लागतात.

शुक्राणू ग्लिसरीनमध्ये गोठवून जिवंत ठेवता येतात, हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९४९ मध्ये दाखवलं. गोठवलेल्या स्त्रीबीजापासून पहिलं मूल जन्माला आलं ते मात्र १९८६ मध्ये, ऑस्ट्रेलियात. मधली सदतीस वर्षं कशात गेली?

आकारात! स्त्रीबीज ही माणसाच्या शरीरातली सर्वांत मोठी पेशी. व्यास मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, तरी शुक्राणूच्या डोक्यापुढे अवाढव्य आणि पाण्याने भरलेली. सावकाश गोठवलं की या पाण्याचे टोकदार स्फटिक होतात आणि पेशी आतून फाटते. यावर पुढे खात्रीची तोड निघाली ती वेगाची. स्त्रीबीजातलं बरंचसं पाणी काढून घ्यायचं, त्या जागी गाडीच्या कूलंटमध्ये असतं तेच इथिलीन ग्लायकॉल भरायचं आणि मिनिटाला हजारो अंशांच्या वेगाने थंड करायचं. स्फटिक व्हायला पाण्याला सवडच मिळत नाही. त्याची काच होते.

बर्फ हरला, तरी दुसरा शत्रू उरलाच: ऑक्सिजन. शुक्राणूत ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया शंभराच्या आत, तर परिपक्व स्त्रीबीजात लाखाच्या घरात. गोठण्या-वितळण्याच्या धक्क्याने त्यांचं काम बिघडतं आणि ऑक्सिजनचे आक्रमक रेणू सुटतात. ते पेशीचं आवरण पोखरतात. गुणसूत्रांची नीट वाटणी करणारे नाजूक धागेही विस्कटतात. एरवी हे रेणू निकामी करणारं ग्लुटाथायोन स्त्रीबीज स्वतःच बनवतं, पण गोठवण्यात त्याचा साठा घटतो.

म्हणून गोठवण्याच्या आणि वितळवण्याच्या द्रावणांत अँटिऑक्सिडंट मिसळून पाहतात: ग्लुटाथायोन, रात्री शरीरात स्रवणारं मेलाटोनिन, द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल. उंदीर, डुक्कर आणि गाईंच्या बीजांवरच्या अनेक प्रयोगांत आक्रमक रेणू घटले, गर्भही अधिक चांगले वाढले. मेलाटोनिन तर बीजकोशातल्या द्रवात मुळातच असतं, तेही रक्तातल्यापेक्षा जास्त.

निसर्गाची युक्ती याहून अचाट. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजं तयार होतात आणि पुढे काही दशकं निपचित राहतात. त्या काळात ती आपल्या मायटोकाँड्रियातला ‘कॉम्प्लेक्स वन’ हा भागच बंद ठेवतात, असं बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं. ऑक्सिजनचे आक्रमक रेणू जिथून प्रामुख्याने सुटतात, ते दारच बंद!

मात्र द्रावणात अँटिऑक्सिडंट हवे तेवढे ओतून भागत नाही. ऑक्सिजनचे थोडे आक्रमक रेणू बीज परिपक्व व्हायलाही लागतात. ते पार पुसून टाकले तर नुकसानच. शिवाय माणसाच्या बाबतीतला पुरावा अजून तोकडा आहे. केमोथेरपीला सामोरं जाणाऱ्या तरुणीसाठी बीजं गोठवणं हा मोठा आधार आहे, पण थंडी वय थांबवते, मागे नेत नाही. मुंबईत २०१६ मध्ये माजी विश्वसुंदरी डायना हेडन यांना सुमारे आठ वर्षं गोठवलेल्या बीजापासून मुलगी झाली, तेव्हा आई बेचाळिशीची होती आणि बीज मात्र तिशीतलंच.