कोड आणि किरणोपचार

गडचिरोली जिल्ह्यांत सती नदीच्या कांठीं कुरखेडा नांवाचें तालुक्याचें गांव आहे. भोंवतीं जंगल, रेल्वे गांठावयाची तर वडशाला जावें लागतें, आणि मोठ्या इस्पितळासाठीं नागपूर. अशा गांवांतील एखाद्या मुलीच्या गालावर पांढरा डाग उठला, कीं घरच्यांना पहिली चिंता पडते ती तिच्या लग्नाची; डागाच्या कारणाची नव्हे. शहरांतल्या सुशिक्षित घरांत याहून कांहीं निराळें घडतें, असें मला वाटत नाहीं. या डागावर किरणांचा उपाय आहे, आणि शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीला बळ देऊन नव्हे, तर तिला थोडें दडपून तो गुण देतो.

प्रथम एक खुलासा. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे. ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या नांवानें फार अनर्थ केला आहे. कोड स्पर्शानें पसरत नाहीं. मात्र चंद्रपूर-गडचिरोलीकडे खरा कुष्ठरोग अद्यापि आढळतो. म्हणून फिकट डाग बधिर असेल, तर आधीं त्याची तपासणी करून घ्यावी. तो रोगही औषधानें बरा होतो. कोडाच्या डागावर स्पर्शाची जाणीव शाबूत असते. गेलेला असतो तो केवळ रंग.

हा रंग जातो कसा? कातडीला वर्ण देणाऱ्या पेशी असतात. रोगजंतूंशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकीं कांहीं या घरच्याच पेशींना शत्रु समजून त्यांचा नाश करितात. कुंपणानेंच शेत खावें, तसा हा प्रकार. हीच चूक सांध्यांत झाली म्हणजे आमवात जडतो. आणि स्क्लेरोडर्मा या रोगांत कातडी चामड्यासारखी ताठ होते व फुप्फुसेंही निकामी होऊं लागतात.

या पांढऱ्या पेशी किरणांपुढें फार दुबळ्या ठरतात, म्हणून किरणांनीं त्यांना आवरण्याचे प्रयत्न झाले. पण किरण किरणांत भेद आहे. क्ष-किरण शरीराच्या आरपार जातात. पाठीचा कणा आंखडविणाऱ्या संधिवातावर ब्रिटनमध्यें 1935 ते 1954 या काळांत हजारों रोग्यांना ते देण्यांत आले. वेदना कमी झाल्या. परंतु 1957 सालीं कोर्ट-ब्राउन व डॉल यांनीं या रोग्यांचा हिशेब मांडला, तेव्हां त्यांच्यांत रक्ताचा कर्करोग नेहमींच्या कित्येक पटींनीं अधिक आढळला. अलीकडे, 2018 सालीं, अमेरिकेंतील 75 स्क्लेरोडर्मा-रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतील एका गटाला औषधांच्या जोडीला सर्वांगावर किरण देऊन, फुप्फुसें व मूत्रपिंडें तेवढीं झांकून, जुनी प्रतिकारशक्ति जवळजवळ पुसून टाकिली व त्यांच्याच रक्तांतून आधीं काढून ठेविलेल्या मूळपेशी परत दिल्या. हा गट दुसऱ्यापेक्षां चांगला जगला. पण उपचारानेंच दगावणाऱ्यांचें प्रमाण 6 वर्षांअखेर शेंकडा 6 भरलें. ज्या रोगांत प्राणच धोक्यांत आहे, तेथें हें साहस क्षम्य. कोडासाठीं एवढा डाव मांडणें हा शुद्ध वेडेपणा होईल.

कोडाला उपयोगी पडतात ते सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण. ते कातडीखालीं फार खोल जात नाहींत, हाच त्यांचा मोठा गुण. मार्गारेट क्रिप्के यांनीं 1970 नंतरच्या दशकांत उंदरांवर दाखविलें, कीं या किरणांनीं प्रतिकारशक्ति मंदावते. कातडींतील पहारेकरी पेशी विरळ होतात, हल्ला करणाऱ्या पेशी मरूं लागतात, आणि हल्ल्याला आवर घालणाऱ्या पेशी वाढतात. शिवाय केंसांच्या मुळाशीं दडून राहिलेल्या रंगपेशी जाग्या होऊन पृष्ठभागीं येतात. म्हणूनच डाग भरूं लागतो तो प्रथम केंसांभोंवतीं ठिपक्याठिपक्यांनीं. आणि जेथें केंस नाहींत, अशा बोटांच्या टोंकांवर व ओंठांवर गुण फारसा येत नाहीं.

आयुर्वेदांत कोडावर बावची सांगितली आहे. तिच्या बियांतील सोरॅलेन हें द्रव्य 1933 सालीं भारतीय रसायनशास्त्रज्ञांनीं वेगळें केलें. इजिप्तमध्यें एल् मोफ्ती यांनीं तेथील एका वनस्पतींतील तशाच द्रव्याचे कोडावरील प्रयोग 1948 सालीं प्रसिद्ध केले. हें द्रव्य पोटांत गेल्यावर कातडी अतिनील किरणांना अनेक पटींनीं हळवी होते. पुढें 311 नॅनोमीटर लहरींचे दिवे निघाले. त्यांना गोळी लागत नाहीं, आणि आज शक्य तेथें तेच पसंत करितात. पण दिव्यापुढें आठवड्यांतून दोन-तीन वेळां, महिनोन् महिने, उभें राहावें लागतें. कुरखेड्याच्या मजुरानें त्यासाठीं नागपूरच्या खेपा कशा कराव्या? प्रत्येक खेपेला रोजगार बुडणार, भाडें निराळें.

म्हणून आपल्याकडील डॉक्टर अशांना सोरॅलेनची गोळी व ऊन असा उपाय सांगतात. गोळी घेऊन सुमारें दोन तासांनीं डागावर ऊन घ्यावयाचें. आरंभ पांच मिनिटांपासून, पुढें हळूहळू वाढ, आणि तेंही लागोपाठच्या दिवशीं नव्हे. गर्भवतींना व लहान मुलांना ही गोळी वर्ज्य आहे. बावचीचें तेल मनानें चोपडून उन्हांत बसणाऱ्यांच्या अंगावर भाजल्यासारखे फोड येतात.

खरी अडचण उन्हाच्या मापाची. दिव्याला घड्याळ लावतां येतें. सूर्याला लावतां येत नाहीं. गोळीचा अंमल पांच मिनिटांनीं संपत नाहीं. सकाळीं गोळी घेतलेली बाई मोहफुलें वेंचावयास किंवा मे महिन्यांत तेंदूपानें तोडावयास गेली, तर सबंध दिवसाचें ऊन तिच्या अंगावर पडतें, आणि डागांत रंग भरण्याऐवजीं कातडी पोळून निघते. त्या पोळण्यानें कोड वाढूंही शकतें. मोटारीच्या कांचेआड बसणेंही पुरेसें नाहीं, कारण सोरॅलेनला चेतविणारे किरण बव्हंशीं कांचेंतून पार होतात. अंग झांकावें आणि पुढील 24 तास उजेडांत काळा चष्मा वापरावा. गोऱ्या वर्णाच्या लोकांत या उपचाराच्या अनेक वर्षांच्या वापरानें कातडीचा कर्करोग वाढलेला दिसला. सांवळ्या वर्णांत तो धोका पुष्कळच कमी.

तेव्हां तेंदूच्या हंगामांत गोळी बंद ठेवावी काय, हें कामाचे दिवस डॉक्टरांना सांगूनच ठरवावें. त्यामागोमाग पावसाळा येतो. ढगांनीं ऊन दिवसेंदिवस दिसत नाहीं, आणि उपचारांत खंड पडतो. असा खंड पडल्यावर पूर्वींच्याच मिनिटांपासून सुरुवात करूं नये. पुन्हां पांच मिनिटांवर यावें.