इंग्लंडमधील ‘ट्रान्झिट साइट’ आणि तिला होणारा विरोध

बडोद्यातील मराठी घरांची पुढची पिढी आता लेस्टर, लंडन, मँचेस्टर अशा ठिकाणी स्थिरावली आहे. मुलांकडे दोन-चार महिने राहून परतलेल्या सभासदांकडून कधी कधी एक प्रश्न ऐकू येतो. दारात एक पत्रक पडते: आपल्या भागात ट्रॅव्हलर साइट होऊ देऊ नका. पाठोपाठ शेजारी सह्यांचा कागद घेऊन येतात. नुकतेच घर घेतलेल्या मुला-सुनेला वाटते, शेजाऱ्यांशी वाकडे कशाला, सही करून टाकू. आपण सही नेमकी कशावर करतो आहोत, हे मात्र कळलेले नसते. ते कळावे म्हणून हा लेख.

इथे ‘ट्रॅव्हलर’ म्हणजे पर्यटक नव्हे. ब्रिटनमध्ये पिढ्यान् पिढ्या फिरस्ते जीवन जगणाऱ्या समाजांना हा शब्द लावतात. त्यांत दोन मोठे गट आहेत, आणि त्यांचा उगम अगदी वेगळा आहे. रोमानी जिप्सी हे शेकडो वर्षांपूर्वी भारतातून निघून इराण, आर्मेनिया, ग्रीस असा प्रवास करत युरोपात पोहोचलेल्या लोकांचे वंशज. आयरिश ट्रॅव्हलर मात्र आयर्लंडचेच. त्यांचा भारताशी संबंध नाही. पत्र्याची भांडी दुरुस्त करत गावोगाव हिंडणे हा त्यांचा जुना व्यवसाय. आपल्याकडचे कल्हईवाले डोळ्यांसमोर आणा. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर’ अशी नोंद करणारे सुमारे 71 हजार लोक होते. त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक लोक पक्क्या घरांत राहतात. म्हणजे एवढी पत्रके निघतात ती फार थोड्या माणसांवरून.

रोमानी लोकांच्या भारतीय मुळाचा पुरावा त्यांच्या भाषेत आहे. पाण्याला ते ‘पानी’ म्हणतात, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाख’, माणसाला ‘मानुष’ आणि मिठाला ‘लोन’. एकापासूनचे अंक ‘येख, दुय, त्रिन, श्तार, पांज’ असे आहेत. सात, आठ, नऊ मात्र त्यांनी ग्रीकांकडून घेतले, यावरून वाटेतला मुक्कामही कळतो! रुडिगर या जर्मन अभ्यासकाने 1782 मध्ये हे नाते प्रथम व्यवस्थित मांडले. त्याआधी युरोपीयांना वाटे की हे लोक इजिप्तमधून आले असावेत. ‘इजिप्शियन’चे अपभ्रष्ट रूप म्हणजे जिप्सी. इंग्लंडमध्ये 1530 च्या कायद्याने त्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम दिला. 1554 नंतर देशात राहिलेल्या ‘इजिप्शियन’ माणसाला फाशीचीही तरतूद होती, आणि ती 1783 पर्यंत पुस्तकातून गेली नाही.

आता हे लोक घोड्याच्या गाडीतून नव्हे, तर मोटारीमागे जोडलेल्या कॅरॅव्हनमधून फिरतात. झाडे छाटणे, छपरे आणि अंगणातली फरसबंदी, भंगार, शेतातली हंगामी कामे असे त्यांचे उद्योग. लग्न, मयत, आजारी नातेवाईक, जत्रा ही फिरण्याची इतर कारणे. कंब्रियातल्या ॲपलबी गावी दर जूनमध्ये घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हजारो ट्रॅव्हलर तिथे येतात, सोयरिकी जुळतात, जुनी भांडणे मिटतात. कानिफनाथांच्या मढीला गाढवांचा बाजार आणि भटक्यांच्या जातपंचायती भरत, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ॲपलबी परके वाटणार नाही.

फिरणाऱ्याला रात्री कुठेतरी थांबावे लागते. पूर्वी गावाबाहेरची गायराने, रस्त्याकडेच्या हिरव्या पट्ट्या, शेतकऱ्यांची पडीक राने हे ठरलेले मुक्काम होते. 1960 च्या कायद्याने परवान्याशिवाय कॅरॅव्हन उभी करू देणे जमीनमालकाला अवघड केले आणि हे मुक्काम भराभर बंद झाले. रस्त्यावर वाद वाढले. मग लिबरल पक्षाचे खासदार एरिक लबक यांच्या पुढाकाराने 1968 चा कॅरॅव्हन साइट कायदा झाला. आपल्या भागातील ट्रॅव्हलरांसाठी जागा करणे ही कौन्सिलची जबाबदारी ठरली. सगळ्या कौन्सिलांनी ती पाळली असे नाही, पण बऱ्याच साइट त्या काळात उभ्या राहिल्या. 1994 मध्ये सरकारने ही सक्ती काढून टाकली. तुम्ही स्वतः जमीन घ्या आणि रीतसर परवानगी मागा, असे ट्रॅव्हलरांना सांगण्यात आले.

त्यांनी जमिनी घेतल्या. परवानग्या मिळेनात. एसेक्समधल्या बॅसिल्डनजवळचे डेल फार्म हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. जुन्या भंगारअड्ड्याची ती जमीन आयरिश ट्रॅव्हलरांच्या स्वतःच्या मालकीची होती, परंतु ग्रीन बेल्टमध्ये, म्हणजे शहराभोवती मोकळ्या राखलेल्या पट्ट्यात मोडत होती. दहा वर्षांच्या कोर्टकज्ज्यानंतर ऑक्टोबर 2011 मध्ये दंगलविरोधी पोलिसांच्या बंदोबस्तात सुमारे ऐंशी कुटुंबांची बिनपरवाना वस्ती हटवली गेली. लाखो पौंड खर्च झाले. हटवलेल्यांपैकी काही कुटुंबे पुढे कित्येक दिवस जवळच्याच रस्त्यावर कॅरॅव्हन लावून राहिली.

डेल फार्म ही कायम राहण्याची वस्ती होती. ट्रान्झिट साइट वेगळी, आणि पत्रकांत हा फरक बहुधा पुसलेला असतो. ट्रान्झिट साइट म्हणजे कौन्सिलने बांधलेला कायमचा तळ, जिथे येणारी कुटुंबे मात्र थोडे दिवस राहतात: काही आठवडे, फार तर साधारण तीन महिने. पक्के केलेले दहा-पंधरा ओटे, ज्यांना ‘पिच’ म्हणतात, पाणी, वीज, संडास-न्हाणी, कचऱ्याची सोय आणि एक देखरेख करणारा माणूस. राहणाऱ्याला बहुतेक ठिकाणी अनामत आणि भाडे भरावे लागते, विजेचे पैसे वेगळे. आपल्याकडच्या धर्मशाळेसारखीच ही सोय; फक्त इथे छप्पर प्रवाशाने आपले आपण आणायचे.

मग कौन्सिल स्वतःहून ही ब्याद का ओढवून घेते, असा प्रश्न सभांमधून विचारला जातो. त्याचे उत्तर कायद्यात आहे आणि सगळ्या वादाची किल्लीही तिथेच आहे. कोणी परवानगीशिवाय मैदानात किंवा वाहनतळावर कॅरॅव्हन लावल्या, तर नुकसान, शिवीगाळ किंवा सहा वा अधिक वाहने अशा अटी पुऱ्या झाल्यावर पोलीस त्यांना निघायला सांगू शकतात. नाहीतर जमीनमालकाने न्यायालयातून आदेश आणायचा. कुटुंबे निघतात आणि मैलभरावरच्या दुसऱ्या मैदानात जातात. पुन्हा तेच. पण त्याच कौन्सिलच्या हद्दीत योग्य पिच रिकामा असेल, तर पोलिसांना जास्तीचा अधिकार मिळतो: ते कुटुंबाला जागा सोडायला लावू शकतात आणि ठरावीक मुदतीपर्यंत त्या हद्दीत तसा तळ पुन्हा टाकायला बंदी करू शकतात. थोडक्यात, ज्या कौन्सिलकडे ट्रान्झिट साइट नाही, तिथल्या पोलिसांकडे हे हत्यार नाही. ‘मैदानातले तळ हटवा’ आणि ‘ट्रान्झिट साइट नको’ या दोन्ही घोषणा एकाच पत्रकात असतात, तेव्हा पहिली मागणी दुसरीने अडवलेली असते. माझ्या मते पत्रक छापणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे ठाऊकच नसते.

2022 मध्ये कायदा आणखी कडक झाला. सांगूनही न हटणाऱ्या आणि मोठा त्रास वा नुकसान करणाऱ्या वाहनधारकाला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि वाहन जप्त होऊ शकते. वाहन म्हणजे इथे घर, हे ध्यानात घ्या. परत येण्याची बंदी तीन महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेली. मे 2024 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ही बारा महिन्यांची वाढ मानवी हक्कांच्या कायद्याशी विसंगत ठरवली. ट्रान्झिट जागांचा मोठा तुटवडा हा त्या युक्तिवादाचा गाभा होता: जायला जागा नसलेल्याला ‘वर्षभर येऊ नकोस’ म्हणणे म्हणजे काय?

स्थानिकांच्या तक्रारी खोट्या असतात असे मात्र कोणी समजू नये. सोडून गेलेल्या मैदानात बांधकामाचा राडारोडा, बागेचा कापलेला कचरा, कधी मैला सापडतो. साफसफाईचा खर्च करदात्यांवर पडतो, मुलांचे फुटबॉलचे सामने रद्द होतात. राग येणारच. पण तो राग आहे संडास आणि कचराकुंडी नसलेल्या तळाचा, आणि त्याचा काढा ट्रान्झिट साइटच्या नावावर निघतो.

साइटचा अर्ज आला की कौन्सिल तो जाहीर करते आणि लोकांना लेखी म्हणणे मांडायला साधारण 21 दिवस देते. इथे सह्यांच्या संख्येला लोक समजतात तेवढी किंमत नसते. पाचशे सह्यांच्या एका ओळीपेक्षा एका माणसाचे मुद्देसूद पत्र अधिक उपयोगी पडते, कारण निर्णय जमीनवापराच्या मुद्द्यांवरच घ्यावा लागतो. वळणावर लांब कॅरॅव्हन बाहेर निघताना दिसणार नाही, जमीन पूररेषेत आहे, सांडपाण्याची वाहिनी पुरणार नाही, जागा ग्रीन बेल्टमध्ये आहे, शेजारच्या कारखान्याचा आवाज तिथल्या मुलांना सहन होणार नाही: हे मुद्दे विचारात घेतले जातात. आमच्या घरांच्या किमती उतरतील, हा मुद्दा घेतला जात नाही. ‘हे लोक चोर असतात’ हा तर नाहीच. रोमानी जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर यांना ब्रिटिश न्यायालयांनी वांशिक गट म्हणून मान्यता दिली आहे, पहिल्यांना 1988 मध्ये आणि दुसऱ्यांना 2000 मध्ये. दोन्ही खटले पबच्या दारावरचे होते: ट्रॅव्हलरांना प्रवेश नाही. त्यामुळे वंशद्वेषी मजकुराची पत्रे कौन्सिल बाजूला काढते. अशा मजकुराखाली आपल्या मुलांचे नाव असणे त्यांनाच महागात पडू शकते.

आणखी एक. विरोध टाळण्यासाठी या साइट बहुधा कुणालाच नको असलेल्या जागी ढकलल्या जातात: महामार्गालगत, रेल्वेरुळांशेजारी, मैलापाणी केंद्राजवळ. मग तिथे कुटुंबे थांबायला नाखूश असतात आणि ‘बघा, बांधून दिली तरी वापरत नाहीत’ असे म्हणायला लोक मोकळे!

हे सारे वाचताना आपल्याकडचे काही आठवणे साहजिक आहे. 1871 मध्ये इंग्रजांनी इथल्या भटक्या जमातींना कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले, हजेरी लावली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसवले. तो कायदा 1952 मध्ये गेला, संशय गेला नाही. पाल पडले की गावात कोंबडी जरी हरवली तरी बोट तिकडेच. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे असल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. आपल्या बडोद्यातूनच गणेश देवी यांनी 1998 मध्ये महाश्वेतादेवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांच्यासह विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली, आणि त्याच वर्षी अहमदाबादच्या छारानगरात बुधन थिएटर सुरू झाले. त्यामुळे इंग्लंडमधले पत्रक हाती आल्यावर बडोदेकराला ‘हे आमच्या माहितीतले नाही’ असे म्हणता येणार नाही.

सगळ्याच कौन्सिलांनी भांडणाचा मार्ग धरला असेही नाही. लीड्समध्ये ट्रॅव्हलरांची संस्था आणि कौन्सिल यांनी मिळून एक तोडगा काढला. आलेल्या कुटुंबांशी बोलून जागा आणि निघण्याची तारीख ठरवायची, कौन्सिलने फिरते संडास आणि कचऱ्याच्या कुंड्या द्यायच्या, कुटुंबांनी जागा स्वच्छ ठेवायची. याला ‘वाटाघाटीचा मुक्काम’ म्हणता येईल. न्यायालयाचा आणि सफाईचा खर्च वाचल्याने कौन्सिललाही ते स्वस्त पडले, आणि नंतर इतर काही कौन्सिलांनी ही पद्धत उचलली.

मुलांच्या दारात कागद आलाच, तर सही करण्याआधी त्यांनी कौन्सिलच्या कार्यालयातून मूळ अर्ज पाहावा: साइट कायमची की ट्रान्झिट, पिच किती, मुक्कामाची कमाल मुदत किती, प्रवेशरस्ता कुठून, देखरेख कोणाची. रस्त्याची वा सांडपाण्याची खरी अडचण दिसली तर तेवढीच आपल्या शब्दांत लिहून पाठवावी. काही अडचण न दिसल्यास पाठिंब्याचे पत्रही त्याच मुदतीत, त्याच पत्त्यावर स्वीकारले जाते.