अजिंठ्याचे मेजर गिल: जळालेली चित्रे आणि उरलेली छायाचित्रे

बदनापूरहून भोकरदनला जावे आणि तेथून आणखी उत्तरेकडे वळावे, म्हणजे अन्वा नावाचे गाव लागते. तेथे कोरीव खांबांचे एक जुने दगडी मंदिर आहे. गावकरी त्याला मढ म्हणतात. आपल्या जालना जिल्ह्यातल्या या मंदिराची छायाचित्रे लंडनमध्ये १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात आहेत. त्या वेळी आपल्या भागात रेल्वे नव्हती, वीज नव्हती. मग ही छायाचित्रे काढली कोणी, आणि कशी?

ती काढणाऱ्याचे नाव मेजर रॉबर्ट गिल. १८०४ साली जन्मलेला हा इंग्रज मद्रासच्या फौजेत अधिकारी होता आणि उत्तम चित्रकारही होता. अजिंठ्याची लेणी १८१९ साली इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेस पडली होती. १८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला. भिंतींवरची चित्रे नष्ट होत आहेत, ती जाण्यापूर्वी त्यांच्या हुबेहूब प्रती करून घ्याव्यात, असा आग्रह पुढे आला. ईस्ट इंडिया कंपनीने तो मानला आणि १८४४ मध्ये हे काम गिल यांच्याकडे सोपवले. तेव्हा त्यांचे वय होते चाळीस. अजिंठा गावातल्या बारादरीत त्यांनी बिऱ्हाड थाटले, आणि पुढचे जवळजवळ सारे आयुष्य त्याच परिसरात गेले.

एक डिसेंबर आणि वीस वर्षांचे काम

लेण्यांतल्या अंधुक उजेडात उभे राहून गिल मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात प्रती करीत. पाऊस, ताप, जंगली श्वापदे, या सगळ्यांना तोंड देत हे काम १८६३ पर्यंत चालले. सुमारे तीस कॅनव्हास लंडनला गेले. त्यांतले बहुतेक सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या काचेच्या प्रचंड प्रदर्शनगृहात मांडण्यात आले. १८६६ सालच्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस या इमारतीच्या एका भागाला आग लागली आणि तेथे मांडलेले गिल यांचे सर्व कॅनव्हास जळून गेले. जे प्रदर्शनात नव्हते असे मोजकेच वाचले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

जवळजवळ वीस वर्षांच्या कष्टांची अशी राख झाली. परंतु याच माणसाने त्याच लेण्यांची काढलेली छायाचित्रे मात्र आजही पाहायला मिळतात. असे का? या प्रश्नाच्या उत्तरात छायाचित्रणाचे सारे विज्ञान दडलेले आहे.

ओल्या काचेची घाई

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने काचेवर छायाचित्र घेण्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली. गिल यांच्या काळात सर्वत्र तीच रूढ झाली. तिची कृती अशी. कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून जो पदार्थ मिळतो, तो ईथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळवायचा. या चिकट द्रावाला कलोडियन म्हणतात. त्यात थोडे आयोडाइड मिसळून तो काचेवर पातळ पसरवायचा. मग अंधाऱ्या तंबूत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, म्हणजे थरात सिल्व्हर आयोडाइड तयार होते. हाच प्रकाशाला संवेदनशील पदार्थ. काच ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे, आणि लगेच तंबूत परत येऊन ते रसायनांनी प्रकट व पक्के करायचे.

एवढी घाई कशासाठी? थर वाळला की त्याची संवेदनशीलता नाहीशी होते. थंड हवेतसुद्धा हाताशी दहा-पंधरा मिनिटेच असत. आता आपल्याकडचा विचार करा. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते, आणि बदनापूरला एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते! म्हणजे काचेवर ओतता ओतताच ईथर उडून जाणार. उष्ण देशांत काम करणारे छायाचित्रकार म्हणून पहाटेची वेळ साधत आणि तंबूवर ओली कापडे टाकीत. बाष्पीभवनाने उष्णता शोषली जाते, हा आपल्या माठातल्या पाण्याचाच नियम येथे उपयोगी पडे.

कॅमेऱ्याला तांबडा रंग दिसेना

आपण म्हणाल, हाती कॅमेरा असताना रंगांच्या प्रती करण्याचा खटाटोप कशाला? भिंतींची छायाचित्रेच का घेतली नाहीत? यात दोन अडचणी होत्या.

पहिली अडचण उजेडाची. समजा, भर उन्हात एका छायाचित्राला ५ सेकंद लागतात आणि लेण्याच्या आतल्या भिंतीवर बाहेरच्या हजारावा हिस्साच उजेड पोहोचतो. तर तेथे ५००० सेकंद, म्हणजे सुमारे ८३ मिनिटे लागतील. काच तर दहा-पंधरा मिनिटांतच वाळते. म्हणून लेण्यांचे दर्शनी भाग, व्हरांडे, पुढचे खांब यांची छायाचित्रे सोपी, आतल्या भिंतींची अतिशय कठीण.

दुसरी अडचण रंगाची, आणि ती अधिक मूलभूत आहे. प्रकाश ऊर्जेच्या पुडक्यांनी, म्हणजे फोटॉनांनी येतो. तांबड्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे १.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तर निळ्याची सुमारे २.८. सिल्व्हर आयोडाइडमधला इलेक्ट्रॉन मोकळा करून चांदीचे कण बनण्याची क्रिया सुरू करायला साधारण २.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. म्हणजे निळे, जांभळे आणि अतिनील किरण काचेवर खूण उमटवतात. तांबडे किरण कितीही वेळ पडले तरी एकेका फोटॉनची ताकद अपुरीच राहते. आठ आणे मागणाऱ्या यंत्रात चार-चार आण्यांची नाणी टाकीत बसावे, तसे हे आहे. यंत्र नाणी एकत्र मोजतच नाही!

आणि अजिंठ्याचे रंग कोणते? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा चुना आणि कोठे कोठे मौल्यवान निळा. तांबडे-पिवळे रंगच तेथे अधिक. त्या काळच्या काचेला हे रंग काळेच दिसणार. तांबड्या-पिवळ्यातले नाजूक भेद, गालावरची छटा, वस्त्रांवरचे पट्टे, सारे काळोखात बुडणार. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने थरात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग शोधला. तोपर्यंत रंगांसाठी माणसाचा डोळा आणि कुंचला हाच आधार होता.

दोन डोळ्यांची युक्ती

मात्र एका गोष्टीत छायाचित्र कुंचल्याच्या पुढे होते. लेणे म्हणजे खोली, पुढे खांब, मागे भिंत, त्यामागे गाभारा. ही खोली सपाट कागदावर कशी दाखवायची? गिल यांनी त्यासाठी स्टिरिओ छायाचित्रे घेतली, म्हणजे एकाच दृश्याची किंचित बाजूबाजूने घेतलेली दोन चित्रे.

एक डोळा मिटून पेन्सिल नाकासमोर धरा. मग तो उघडून दुसरा मिटा. पेन्सिल मागच्या भिंतीवर सरकल्यासारखी दिसते ना? आपल्या डोळ्यांत सुमारे ६.५ सेंटिमीटर अंतर असते. २ मीटरवरच्या खांबाकडे पाहताना दोन डोळ्यांच्या दृष्टिरेषांत सुमारे १.९ अंशांचा कोन होतो, तर ६ मीटरवरच्या भिंतीसाठी तो फक्त ०.६ अंश असतो. या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ मध्ये हे सिद्ध करून दाखवले आणि प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दाखवणारा स्टिरिओस्कोप बनवला.

हे करून पाहा: मोबाइल फोनने आपल्या गावातल्या एखाद्या जुन्या देवळाच्या सभामंडपाचे छायाचित्र घ्या. फोन न फिरवता उजवीकडे साधारण साडेसहा सेंटिमीटर सरकवून दुसरे घ्या. दोन्ही सुमारे ६ सेंटिमीटर रुंदीची छापून शेजारी शेजारी चिकटवा, डावे डावीकडे. मधोमध एक पुठ्ठा उभा धरा आणि चित्रांच्या पलीकडे दूर पाहिल्यासारखी नजर सैल सोडा. थोड्या सरावाने दोन्ही चित्रे एक होतील आणि खांब कागदातून पुढे येतील. चित्रांची अदलाबदल केली तर काय दिसेल? आधी उत्तर लिहा, मग पाहा.

एकापासून अनेक

१८६४ मध्ये लंडनला गिल यांच्या छायाचित्रांची, फर्ग्युसन यांच्या वर्णनांसह, दोन पुस्तके निघाली. एकात लेण्यांची ७४ छायाचित्रे होती, तर दुसऱ्यात पश्चिम भारतातल्या वास्तूंची व निसर्गाची १०० स्टिरिओ चित्रे. त्यांत छाप्याची चित्रे नव्हती, तर खरी छायाचित्रे चिकटवलेली होती. काचेवरची निगेटिव्ह संवेदनशील कागदावर ठेवून उन्हात धरायची, की एक प्रत तयार. पुन्हा धरायची, की दुसरी. स्टिरिओ पुस्तकाच्या नुसत्या शंभर प्रतींसाठी अशा दहा हजार जोड्या लागतील. त्या घरोघरी, ग्रंथालयांतून विखुरल्या. आता एखादी आग त्या सगळ्या कशा जाळणार?

चित्रकाराचा कॅनव्हास मात्र एकच होता. रंग त्याच्याजवळ होते, पण जोडीदार प्रत नव्हती. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी पुन्हा प्रती केल्या, आणि १८८५ मध्ये लंडनमध्येच लागलेल्या दुसऱ्या आगीत त्यांतल्या शंभराहून अधिक गेल्या! ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ छापून काढला, म्हणून त्या श्रमांचा बराच ठेवा राहिला.

गिल १८७९ मध्ये वारले. भुसावळला त्यांचे थडगे आहे. त्यांची छायाचित्रे आज अभ्यासकांना एक वेगळाच उपयोग देतात. दीडशे वर्षांपूर्वी कोणता खांब उभा होता, कोणता तुटला होता, नंतर दुरुस्ती कोठे झाली, हे आजच्या दर्शनी भागाशी ताडून पाहता येते.

अन्व्याच्या मढासारख्या वास्तू आपल्या तालुक्यात गावोगावी आहेत: बारव, वेस, वीरगळ, जुने वाडे. त्यांतल्या कित्येकांचे एकही चांगले छायाचित्र नसेल. येत्या सुट्टीत शाळेतर्फे आपल्या गावातल्या अशा वास्तूंची नोंद करा. प्रत्येक छायाचित्रावर ठिकाण, दिशा आणि तारीख लिहा, शेजारी मोजपट्टी ठेवा. आणि गिल यांच्या कॅनव्हासांची आठवण ठेवून एक प्रत शाळेत, दुसरी ग्रामपंचायतीत आणि तिसरी गावाबाहेर कोठेतरी ठेवा.