हे कुणी सांगितलं?

मुलांनो, समजा तुम्ही लासूर स्टेशनच्या शाळेत आहात आणि बाईंनी प्रकल्प दिलाय, 'आपलं गाव आणि रेल्वे'. तुम्ही एका पुस्तकातून दोन पानं उतरवता, थोडं मोबाइलवरून घेता. मीटरगेजच्या गाडीच्या गमती शेजारच्या आजोबांकडून ऐकून लिहिता. वही झकास सजते. वर नाव मात्र एकट्या तुमचं! मग त्या लेखकाचं काय? आणि आजोबांचं?

याच रुळांवरून छत्रपती संभाजीनगरकडे निघालात, की वाटेत दौलताबाद लागतं. तिथल्या किल्ल्यावरचे जनार्दनस्वामी हे पैठणच्या एकनाथांचे गुरू. नाथांच्या अभंगाच्या शेवटी 'एका जनार्दनी' ही सही तुम्ही ऐकली असेलच. आपल्या नावाला जोडून गुरूंचं नाव!

पण नाथांचं दुसरं एक काम मला जास्त मोलाचं वाटतं. ज्ञानेश्वरी १२९० साली, गोदावरीपलीकडच्या नेवाशाला सांगितली गेली. (आपण व्यासांच्या मागोमाग, भाष्यकारांना वाट विचारत चाललो आहोत, हे ज्ञानदेवांनी त्यात स्वतःच सांगून टाकलंय.) पुढे सुमारे तीनशे वर्षं लोक ती हाताने उतरवत राहिले. चुका झाल्या, कुणी स्वतःच्या ओव्याही घुसडल्या. नाव ज्ञानदेवांचं, ओवी भलत्याचीच! नाथांनी पाठ तपासून १५८४ साली शुद्ध प्रत तयार केली आणि यात कुणी आपली ओवी घालू नये, असं बजावलं.

आता तुमची वही. वाक्य जसंच्या तसं घेतलं, तर अवतरणचिन्हात टाका. शब्द बदलले तरी माहिती त्या लेखकाचीच, तेव्हा नाव द्यायचंच. लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पान. पान हटकून राहतं हं! इंटरनेटवरचं असेल, तर कुठे आणि कोणत्या तारखेला पाहिलं, तेही लिहा. गाइडमधून घेतलं असेल, तर गाइडचंच नाव द्या. गाइडने सांगितलेला जाडजूड ग्रंथ आपण उघडलाय कुठे? सूर्य पूर्वेला उगवतो, याला मात्र कुणाचं नाव नको.

आजोबांचं नाव, गाव, भेटीची तारीख लिहा. नाव घालू का, हे आधी विचारा. त्यांनी सांगितलेलं साल आणि पुस्तकातलं साल जुळलं नाही, तर एक खोडू नका. दोन्ही लिहा, कुणाचं कोणतं ते सांगून.

आणि आईबाबांनो, या वेळी पेन मुलांच्याच हातात राहू द्या बरं का!